नको ते विचार येतात तेव्हा काय करायचं

मी मनोरुग्ण विभागात नर्स होते. निवृत्त झाल्यापासून नगरला आमच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा बघते. दोन्हीकडे माणसांचं दुखणं पुष्कळदा एकच असतं. वॉर्डात ते नातेवाईक सांगतात. सभेत मात्र ज्याचं त्यानंच सांगायचं असतं, म्हणून ते आमेन झाल्यावर, चपला घालता घालता, बाजूला घेऊन सांगितलं जातं. "सिस्टर, प्रभुभोजन घेताना मनात घाणेरडी शिवी येते." "बाळाला घेऊन गॅलरीत जायची भीती वाटते, हातून खाली टाकीन असं वाटतं." "कर्जाचा विचार रात्री तीनला उठवतो, मग झोप नाही." आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: "माझा विश्वासच कमी पडतोय."

तुमच्या बाबतीत असं होत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगते. विचार पळवून लावण्यासाठी प्रार्थना करू नका. विचार आहे तसा घेऊन देवासमोर बसा. या दोन्हींत फार मोठा फरक आहे आणि पुढचं सगळं त्या फरकावरच उभं आहे.

विचार आला म्हणजे पाप झालं असं नाही

मत्तयाचा चौथा अध्याय उघडा. वाळवंटात सैतान येशूची परीक्षा बघतो, तो भाग. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक. आपण हा भाग लहानपणापासून ऐकतो, म्हणून त्यावरून झर्रकन पुढे जातो. जरा थांबा. उंचावर उभं असताना खाली उडी टाकण्याचा विचार प्रत्यक्ष प्रभूसमोर ठेवला गेला. भाकरीचा, सत्तेचा, सैतानाच्या पाया पडण्याचा विचारसुद्धा ठेवला गेला. आणि इब्रीकरांस पत्र ४:१५ सांगतं की तो सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. नुसता विचार समोर येणं हे पाप असतं तर हे वचन लिहिलंच गेलं नसतं.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रिअस नावाचा एक ख्रिस्ती संन्यासी राहत होता. एकांतात राहणाऱ्या माणसांना कोणकोणते विचार छळतात, याचे त्यानं आठ प्रकार लिहून ठेवले. त्याचं म्हणणं असं, की हे विचार आपल्याला त्रास देतील की नाही हे आपल्या हातात नाही, पण ते रेंगाळतील की नाही हे आपल्या हातात आहे. सोळाशे वर्षं उलटून गेली तरी वॉर्डात मला यापेक्षा नेमकं कुणी सांगितलं नाही.

१९७८ साली लंडनमध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी कसलाही मानसिक आजार नसलेल्या माणसांना विचारलं, तुमच्या मनात नको असताना काय काय येतं? बहुतेकांनी हिंसेचे, घाणेरडे, लाजिरवाणे विचार येतात असं सांगितलं. आजारी माणसांचे विचार आणि यांचे विचार शेजारी ठेवले तर कोणते कुणाचे हे ओळखणं तज्ज्ञांनाही अवघड गेलं. फरक एवढाच, की धडधाकट माणसाच्या मनात तसा विचार येतो आणि जातो. आजारी माणूस त्याला धरून विचारतो, "तू का आलास? म्हणजे मी असा आहे का?" आणि तिथेच अडकतो.

म्हणून "असलं मनात आणूच नका" हा सल्ला मला मान्य नाही. प्रेमाने दिला जातो, पण त्याचा उपयोग होत नाही. १९८७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आठवलंच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. प्रभूनेही वाळवंटात "हा विचार मला ऐकायचाच नाही" असं म्हटलेलं नाही. त्याने ऐकलं, एका वाक्यात उत्तर दिलं आणि विषय संपवला.

कोणता विचार आहे ते आधी ओळखा

त्रासदायक विचार सगळे एका जातीचे नसतात, आणि सगळ्यांना एकच वचन लावून चालत नाही. मी ढोबळमानाने तीन गट करते: उद्याची काळजी, झालेल्या गोष्टीची टोचणी, आणि ज्यांना कारणच नाही असे भलतेसलते विचार.

काळजीचं सगळ्यात सोपं आहे. फिलिप्पैकरांस पत्र ४:६ मध्ये पौल म्हणतो, "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा." हे त्याने बेड्यांत असताना लिहिलं आहे, म्हणून मला ते वाचताना धीर येतो. इथे "मागणी कळवा" असं आहे, आणि मागणी नेमकी असावी लागते. "प्रभू, आमच्या अडचणी दूर कर" ही मागणी मोघम झाली. "प्रभू, सोसायटीचा हप्ता मार्चअखेर भरायचा आहे, कांद्याचे पैसे अजून आलेले नाहीत, सोमवारी मी सेक्रेटरींना भेटायला जाणार आहे, तेव्हा मला नीट बोलता येऊ दे" ही खरी मागणी. काळजीच्या विचारात बहुतेक वेळा एखादं करण्याजोगं काम लपलेलं असतं. ते शोधा, त्याला वार आणि वेळ द्या. उरलेलं, जे खरोखर तुमच्या हातात नाही, त्यासाठी मत्तय ६:३४ आहे: "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे."

टोचणीचं जरा नाजूक आहे. खऱ्या दोषाला नावगाव असतं. कुणाला काय बोललो, कुणाचे पैसे बुडवले, कोणत्या दिवशी खोटं सांगितलं, हे बोटाने दाखवता येतं आणि त्यावर काहीतरी करताही येतं. लूक १९ मधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने नुसते अश्रू गाळले नाहीत. ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. तसं काही असेल तर देवाजवळ कबूल करा, माणसाजवळ जाऊन माफी मागा, द्यायचं असेल ते देऊन टाका. पण पुष्कळांची टोचणी अशी असते की तिला नावगाव नसतं. "मी वाईटच आहे, देव माझ्यावर नाराजच आहे," एवढंच घोळत राहतं, काय केलं ते मात्र सांगता येत नाही. पवित्र आत्मा पाप दाखवतो तेव्हा परत येण्याची वाटही दाखवतो. नुसतंच ठेचत राहणारा, कुठलीच वाट न दाखवणारा आवाज त्याचा नाही. अशा वेळी रोमकरांस पत्र ८:१ मोठ्याने वाचा: "म्हणून ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाहीच."

भलतेसलते विचार

तिसऱ्या गटाबद्दल मंडळीत कुणी बोलत नाही, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

देवाबद्दल शिवी येणं. उपासनेत भलतंसलतं चित्र डोळ्यांसमोर येणं. हातात सुरी असताना समोरच्याला लागेल, आपणच मारू, असं वाटणं. तान्ह्या बाळाबद्दल भयंकर काहीतरी दिसणं. हे विचार बहुधा हळव्या, सज्जन, जबाबदारीने वागणाऱ्या माणसांना छळतात, कारण ते नेमके त्या माणसाच्या सगळ्यात प्रिय गोष्टीवर बोट ठेवतात. ज्या बाईला बाळ जिवापाड प्रिय आहे तिलाच बाळाचा विचार घाबरवतो. ज्याला देवाची ओढ आहे त्यालाच शिवीची धास्ती वाटते.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन बनियन नावाचा उपदेशक होता. ख्रिस्ताला विकून टाक, विकून टाक, असा आवाज त्याच्या मनात सारखा उठत असे. जेवताना, काम करताना, कधीही. क्षमा नसलेलं पाप आपण केलं, या भीतीने तो कित्येक महिने होरपळला. पुढे उपदेश केल्याबद्दल बेडफर्डच्या तुरुंगात असताना, १६६६ साली, त्याने हे सगळं उघडपणे लिहून प्रसिद्ध केलं. आपल्याआधी विश्वासातल्या किती मोठ्या माणसांनी हे भोगलं आहे, हे कळावं म्हणून मी त्याचं नाव घेते.

क्षमा नसलेल्या पापाबद्दल मला फार जण विचारतात. मार्क ३:२२ पासून वाचा. प्रभू डोळ्यांदेखत माणसं बरी करत होता आणि शास्त्री म्हणत होते की हे सैतानाच्या बळावर चाललं आहे. प्रकाशाला जाणूनबुजून अंधार म्हणण्याचा तो हट्ट होता. त्यांना त्याची खंतही नव्हती. "माझ्याकडून ते पाप झालं असेल का" म्हणून ज्याची झोप उडते, त्याचं मन त्या शास्त्र्यांसारखं नाही. आमचे पाळकसाहेबही विचारणाऱ्याला हेच सांगतात.

आता प्रत्यक्ष करायचं काय? एक शंभर पानी वही घ्या. पान मधोमध दुमडा. डावीकडे तारीख आणि विचार एका वाक्यात, न लपवता, न सजवता लिहा. लिहिताना "मी बाळाला मारणार" असं लिहू नका, कारण ते खरं नाही. "बाळ हातून पडतं असं चित्र दिसलं," असं लिहा. खरं घडलं ते एवढंच. उजवीकडे देवाशी बोला, तीन-चार वाक्यांत. आमच्या सभेतल्या एका तरुण आईच्या वहीतलं पान तिच्या परवानगीने सांगते:

"प्रभू, हे चित्र मला नको आहे, तुला ठाऊक आहे. बाळ तुझं आहे आणि तू ते माझ्या हातात दिलं आहेस. मला भीती वाटते. मी आता त्याला अंघोळ घालते."

शेवटचं वाक्य बघा. "माझी भीती घालव, मग मी अंघोळ घालीन" असं तिने लिहिलं नाही. भीती होती तशीच घेऊन ती उठली, पाणी विसणलं, कोपर बुडवून बघितलं आणि बाळाला पायांवर घेतलं. त्याआधी कित्येक दिवस ती अंघोळ सासूबाईंकडून घालून घेत होती. पहिल्या दिवशी हात थरथरत होते, असं ती म्हणाली. सासूबाईंना तिने फक्त दारात उभं राहायला सांगितलं, चौथ्या-पाचव्या दिवसापासून तेही नाही. अशा विचारांवरच्या उपचारात डॉक्टरही हेच करवून घेतात: ज्या कामाची भीती बसली आहे ते काम, टाळाटाळ न करता, हळूहळू परत हातात घ्यायचं. म्हणून प्रार्थनेचं शेवटचं वाक्य पुढच्या कामाचं ठेवा. "मी आता भाकऱ्या टाकते." "मी आता शाळेत जातो." "मी आता प्रभुभोजनाला पुढे येतो."

शिवी मनात आली म्हणून प्रभुभोजन सोडू नका. एकदा सोडलं की पुढच्या वेळी दुप्पट अवघड जातं. आपल्या जागेवरून उठा, शिवीसकट पुढे जा आणि हात पुढे करा.

एक वाक्य पुरे

वाळवंटात प्रभूने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातलं एकेकच वचन वापरलं: ८:३, ६:१६ आणि ६:१३. वादावादी केली नाही. विचाराशी हुज्जत घालायला बसलं की रात्र सरते आणि विचार मात्र ताजातवाना राहतो. तुमच्या गटाप्रमाणे एक वचन निवडा, कार्डावर लिहा, पर्समध्ये किंवा खिशात ठेवा. काळजीसाठी १ पेत्र ५:७ आहे: "त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका कारण तो तुमची काळजी घेतो." विश्वासच डळमळला असेल तर मार्क ९:२४ मधल्या त्या बापाचं वाक्य घ्या: "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." त्याच्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावरही प्रभूने मुलाला बरं केलं.

वचन एकदा म्हणा, सावकाश, ओठ हलवून. मग कामाला लागा. विचार परत आला तर परत एकदा म्हणा. पण "विचार पूर्ण जाईपर्यंत म्हणत राहीन" असं ठरवू नका.

प्रार्थनाच छळू लागते तेव्हा

नर्स म्हणून मला जास्त काळजी याची वाटते. विचार आला की माफी मागायची. माफी मनापासून झाली की नाही अशी शंका आली की परत मागायची. मध्येच लक्ष विचलित झालं तर पहिल्यापासून सुरुवात. "प्रभूची प्रार्थना" सात वेळा बिनचूक म्हटली तरच आईला काही होणार नाही, असं मनात ठरून जातं. बाहेरून हे भक्तीसारखं दिसतं आणि घरचे कौतुकही करतात. पण आत तो माणूस पिळून निघत असतो. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात, म्हणजे नको ते विचार आणि त्यावर पुन्हा पुन्हा केलेली तीच कृती यांत अडकण्याचा आजार, आणि ते वारंवार हात धुण्यात दिसतं तसंच प्रार्थनेतही दिसतं.

कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसा गावी राहत होता. आयुष्यभराचं पापनिवेदन करून झालं होतं, लिहूनही काढलं होतं. तरी एखादी बारीक गोष्ट सांगायची राहिली असं वाटून तो पुन्हा पुन्हा जात असे. दर वेळी मन आणखी काहीतरी उकरून काढी. जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली. शेवटी त्याने ठरवलं, झालेल्या गोष्टींचं निवेदन आता पुन्हा करायचं नाही. तिथून तो मोकळा होत गेला. मी प्रोटेस्टंट घरातली, पण हा प्रसंग मी आमच्या सभेत आवर्जून सांगते.

१ योहान १:९ मध्ये कबुलीला आकडा लावलेला नाही. एकदा कबूल केलंत की वहीत तारीख घाला आणि खाली "सांगून झालं" असं लिहा. तीच गोष्ट परत टोचली तर परत माफी मागू नका. पान उघडा, तारखेवर बोट ठेवा आणि म्हणा, "प्रभू, हे आपलं झालेलं आहे." टाके भरले का हे बघायला रोज पट्टी सोडली तर जखम कधीच भरत नाही, तसंच हे आहे. सुरुवातीला जीव कासावीस होईल. ती कासाविशी थोड्या वेळाने आपोआप ओसरते, माफी न मागताही ओसरते. हे एकदा अनुभवलं की पुढचं सोपं होतं.

वहीलाही हा नियम लावा. दिवसातून एकदा, दहा मिनिटं, बस्स. प्रत्येक विचार आला की वही उघडायची असं झालं तर वहीचंच बंधन होईल.

घरच्यांना सांगायचं तर, "मी वाईट नाही ना?" असं माणूस दिवसात वीस वेळा विचारू लागला तर वीस वेळा उत्तर देऊ नका. एकदा प्रेमाने सांगा, मग म्हणा, "याचं उत्तर सकाळी दिलं आहे. चल, भाजी निवडू."

रात्रीचे तीन

दिवसा सांभाळलं जातं, रात्री तोल जातो. स्तोत्र ७७ लिहिणारा आसाफ अशाच रात्री जागा होता. तू माझे डोळे मिटू देत नाहीस, असं तो देवालाच म्हणतो. देवाने दया करणं सोडून दिलं का, असंही विचारतो. हे शब्द पवित्र शास्त्रात आहेत, म्हणजे ते देवासमोर म्हणण्याची तुम्हाला मुभा आहे. स्तोत्राच्या मध्यावर तो वळतो आणि देवाची पूर्वीची कृत्यं आठवू लागतो. तांबडा समुद्र आठवतो. भीती गेली असं तो कुठेच म्हणत नाही.

तुमच्या घरातली अशी यादी वहीच्या शेवटच्या पानावर करून ठेवा. माझ्या यादीची पहिली ओळ ७२ च्या दुष्काळाची आहे. रेशनचा लाल मिलो आणि शाळेतली सुकडी खाऊन आम्ही भावंडं तगलो, आणि आई त्या मिलोच्या भाकरीवरही प्रार्थना करायची. ही यादी दिवसा, बरं वाटत असताना करायची. रात्री ती सुचत नाही, फक्त वाचता येते.

अर्धा तास तळमळलात तर अंथरुणातून उठा. मोबाइल घेऊ नका. स्वयंपाकघरात बारीक दिवा लावा, पाणी प्या, स्तोत्र हळू आवाजात वाचा. डोळ्यांनी वाचलं तर मन भरकटतं, तोंडाने वाचलं तर जरा थाऱ्यावर राहतं. काही ठरवायचं असेल, म्हणजे नोकरी सोडायची, लग्न मोडायचं, कुणाला लांबलचक मेसेज पाठवायचा, तर ते त्या वेळी ठरवू नका. इग्नेशियसचाच नियम आहे: मन उदास असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही.

आणि देहाकडे बघा. १ राजे १९ मध्ये एलीया रानातल्या झुडपाखाली पडून मरण मागतो. कर्मेल डोंगरावर आग उतरवणारा एवढा मोठा संदेष्टा! देव त्याला "तुझा विश्वास कुठे गेला" असं विचारत नाही. झोपू देतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. परत झोपू देतो, परत खायला घालतो. बोलणं पुढे होरेबला, किती तरी दिवसांनी होतं. तिथेही एलीया तीच तक्रार, त्याच शब्दांत, दोनदा सांगतो आणि देव दोन्ही वेळा ऐकतो. मग त्याला काम देतो आणि सोबतीला अलीशा देतो. आमच्याकडे विचारांनी हैराण झालेल्या माणसाला लगेच उपास करायला सांगतात. रात्र-रात्र न झोपलेल्या, जेवण तुटलेल्या माणसाला उपासाला बसवू नका, असं मी कळकळीने सांगते. आधी त्याला दोन घास भरवा.

कुणाला सांगायचं

एका माणसाला सांगा. जो दचकणार नाही, लगेच उपदेश करणार नाही आणि दुसरीकडे बोलणार नाही असा शोधा. वडीलधाराच असावा असं नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घालून प्रार्थनाविनंती टाकू नका, दुसऱ्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. "अमक्या ताईंच्या मनात वाईट विचार येतात, प्रार्थना करा" असा एक मेसेज गेला की त्या ताई पुन्हा कुणाजवळ तोंड उघडत नाहीत.

आणि तुम्हाला कुणी सांगितलं तर? ऐका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात घुसत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध, गोळ्यांचे साठे, दोर, जे काही हाताशी असेल ते घरातून हलवा. आपल्या शेतकरी घरांत औषधाची बाटली ओट्याखालीच असते, ती आधी बाहेर काढा. पोलिसांच्या भीतीने काही घरं प्रयत्न झालेला लपवतात आणि उपचाराचा वेळ घालवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच धरलं जातं. त्याला शिक्षेपेक्षा उपचार मिळावेत अशी तरतूद आहे.

डॉक्टरकडे कधी

हिज्कीया राजा मरायला टेकला होता. तो भिंतीकडे तोंड करून रडला, प्रार्थना केली, आणि मी तुला बरं करीन असं देवाने सांगितलं. त्यानंतर यशया संदेष्टा म्हणाला, अंजिराची चकती आणा, आणि ती त्याच्या गळवावर बांधली. २ राजे २० मध्ये हे सगळं एकाच ठिकाणी आहे: प्रार्थना, वचन आणि औषध. बांधलेल्या अंजिरामुळे देवाचा अपमान झाला असं तिथे कुणालाही वाटलं नाही.

दोन आठवडे रोजच उदास वाटणं, झोप आणि भूक मोडणं, कशात मन न लागणं. विचार आणि त्यावरचे उपाय मिळून रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ खाणं. कानात आवाज येणं. मरणाचा विचार येणं. यातलं काहीही असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. बाळंतिणीच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. विचाराने घाबरलेली, बाळाला जपणारी आई सहसा धोकादायक नसते, तिला आधार आणि उपचार हवेत. पण "बाळाला संपव असा हुकूम येतोय" किंवा "ते माझं बाळच नाही" असं ती बोलू लागली, झोपेनासी झाली, असंबद्ध वागू लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रविवारची उपासना असली तरी न्या.

चंगाई सभेत कुणी "आता गोळ्या बंद कर, तू मुक्त झालास" असं सांगितलं तर ऐकू नका. गोळ्या अचानक बंद करून पुन्हा भरती झालेली माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत, आणि दर वेळी माणूस आधीपेक्षा जास्त खचून येतो. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर धीर धरावा लागतो. कमी-जास्त करायच्या त्या डॉक्टरांनीच.

जवळपास तज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात विचारा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

पहिल्यांदा जाल तेव्हा घरचं एक माणूस बरोबर न्या आणि ती वही न्या. डॉक्टरांसमोर बसल्यावर शिवीचा किंवा बाळाचा विचार तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही. अशा वेळी फक्त डावी बाजू उघडून त्यांच्यापुढे सरकवा. ते वाचतील आणि पुढचं ते विचारतील.